कौतिका दिसते का?

मॅडम कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर थांबून आपलं पूर्ण नाव सांगायच्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि त्याला जोडून कशासाठी आलो तेही. प्राचार्यांच्या केबिनसमोर हे समजण्यासारखं होतं. पण स्टाफरूममध्ये आम्ही चौघंच बसायचो, चौघंही त्यांना चांगलं ओळखून होतो, तरी रोज दुपारी एक वाजता दारातून सगळं नाव खणखणीत ऐकू यायचं आणि मग "डब्बा खाले आली." एकदा त्यांच्याबरोबर एका मयताच्या घरी गेलो होतो. तिथंही त्या अंगणात थांबल्या, नाव सांगितलं आणि "बसाले आली" म्हणाल्या. आतल्या बायकांचं रडणं क्षणभर थांबलं. मी खाली मान घालून चपला काढत राहिलो.

दारव्ह्याजवळच्या एका खासगी आयटीआयत त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मी कॉम्प्युटर शिकवायचो आणि यवतमाळहून एसटीनं अपडाऊन करायचो. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, अंबाड्यात पेनासारखा टेस्टर खोचलेला, मनगटावर वडिलांचं जुनं मोठं घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. म्हातारी आई आणि त्या, अशा दोघी दारव्ह्यात राहायच्या. रविवारी सकाळी विहारातला भोंगा आणि माइक नीट चालतो का ते तपासायला जायच्या, वंदना सुरू होण्याच्या आधी तासभर, आणि प्रत्येक वेळी माइकवरून आधी स्वतःचं नाव सांगायच्या.

नाव सांगण्याचं कारण मी एकदा विचारलं. त्यांनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि पुन्हा त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्राच्या आत हात घालून पट्टा बसवत असताना पाळी बदलली आणि नव्या माणसानं बटण दाबलं.

"बाबा आतमंदी हायेत हे त्याले माहीतच नोतं सर. बाबांनी सांगतलं नाही, त्यानं इचारलं नाही. दोन बोटं गेली."

त्यांच्या काळजीला अंत नव्हता. वर्कशॉपचं कुलूप लावून रस्त्यापर्यंत जायच्या, परत यायच्या, ओढून बघायच्या. सोल्डरिंगची गन बंद केली की नाही हे त्या हात लावून पाहायच्या, त्यामुळे बोटांच्या टोकांवर कायम डाग असायचे. मी घरी पोचलो की नाही यासाठी त्यांचा मिस्ड कॉल यायचा, आणि मी उलटा मिस्ड कॉल दिला नाही तर दुसरा यायचा. सुरुवातीला मला याचा राग येई. मी तिशीतला माणूस होतो, यवतमाळला माझी बायको होती, माझी काळजी करणारे पुरेसे लोक होते.

पण ती वर्षंच अशी होती की काळजी करणाऱ्याला वेड म्हणता येत नव्हतं. बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली जायची, वरून झाड हिरवंगार. मग फवारणी वाढायची. एका औषधानं भागलं नाही की त्यात दुसरं मिसळायचं. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात पंप पाठीवर घेऊन माणूस शिरला की बाहेरून फक्त नोझलचा आवाज ऐकू यायचा. संध्याकाळी कुणाला मळमळायचं, कुणाला अंधूक दिसायचं. त्यातच मॅडमचा मावसभाऊ गेला. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, कोणतं औषध फवारलं? घरचे सांगत होते, निळ्या झाकणाचं. मॅडम तिथंच उभ्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सर, निळ्या झाकनाची किती औषधं असतीन दुकानात?" दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच कृषी केंद्रात जाऊन मोजून आल्या. अकरा.

त्यातून ती पेटी जन्मली.

तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली, तो एका जुन्या टिफिनच्या डब्यात भोकं पाडून बसवलेला आणि बाजूला बॅटरी. त्यात मॅडमनी तालुक्यातल्या दुकानांमध्ये मिळणाऱ्या औषधांच्या बाटल्यांचे फोटो भरले. पुढून, मागून, झाकण आणि लेबलवरची ती मुंगीएवढी अक्षरं, मोठी करून. विषबाधा झाली तर काय करावं असं लेबलवर लिहिलेलं असतं तेही. ही पेटी आरोग्य केंद्रात ठेवायची. तिथं मोबाइलला रेंज नसली तरी चालेल, कारण पेटी स्वतःचंच वायफाय सोडते. सिस्टरनं मोबाइलवर आम्ही बनवलेलं अ‍ॅप उघडायचं, पेटी सापडायची, फोटो उघडायचे आणि पेशंटच्या माणसाला विचारायचं, यातली कोणती?

सगळं काम त्या ‘पेटी सापडायची’मध्ये होतं. मी म्हणालो, सोपं आहे, पेटीला एक नंबर असतो, तो भिंतीवर लिहून ठेवू, सिस्टर तो मोबाइलमध्ये टाकतील. मॅडमनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"नंबर आज हिचा, उद्या दुसऱ्याचा. लाइट गेली, आली, की नंबर बदलून राह्यला. हातात सलाइन घेऊन सिस्टर नंबर शोधत बसन का? नावानं ओ देनारी पायजे."

हे त्यांनी वर्गात कसं शिकवलं ते मी दारात उभं राहून पाहिलं. पंचवीस पोरापोरींना डोळे मिटायला सांगितले. एकीच्या हातात गुपचूप पक्कड दिली. मग मोठ्यानं विचारलं, "पक्कड कोनाजवळ हाये?" ती मुलगी म्हणाली, "माझ्याजवळ, तिसऱ्या बाकावर." मॅडम म्हणाल्या, "झालं. मले तुमच्यातल्या एकाचाही रोल नंबर पाठ नाही. मी सगळ्याइले मिळून इचारलं, सगळ्याइनं ऐकलं, जिच्यापाशी होती तिनंच सांगतलं. मोबाइल असंच इचारते, पेटी असंच सांगते. अन् कोनी इचारलं नाही तरी पेटी चालू झाल्यावर एकदा सांगतेच, की बाप्पा मी आली, माह्यापाशी हे हाये." मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, दोघांजवळ पक्कड असली तर? मॅडम खूश झाल्या. "मंग दोघंही सांगतीन. भांडन तवा, जवा दोघाइचं नाव एकच असते."

ते भांडणही पुढे झालं. पहिल्या पेटीचं नाव त्यांनी आपल्या मावशीवरून कौतिका ठेवलं होतं. ही मावशी म्हणे वस्तीच्या त्या टोकावरून हाकेला ओ द्यायची. दुसरी पेटी बनवताना पहिलीचं मेमरी कार्ड जसंच्या तसं उतरवलं आणि दोन्ही एकाच टेबलावर चालू केल्या. माझ्या मोबाइलवर दोन नावं आली. कौतिका आणि कौतिका दोन. दुसरीनं पहिलीचा आवाज ऐकून आपणहून नावापुढे आकडा लावला होता. मॅडम पुढे वाकून तो पडदा बघत राहिल्या आणि घाबरल्या.

"तिनं आपलं नाव बदललं सर. कोनाले इचारलं नाही."

"चांगलंच आहे ना मॅडम, गोंधळ नको म्हणून."

"अन् सिस्टरले मी एक नाव सांगतलं असन तं?" त्याच दिवशी त्यांनी दुसरीचं नाव सुभद्रा केलं, आणि पुढच्या दोघींची शेवंता आणि यशोदा. चौघी मावश्या चार आरोग्य केंद्रांत गेल्या.

पेट्या ठीक होत्या, मोबाइल बेभरवशाचे. मोबाइल पेटीच्या वायफायला जोडला की विचारायचा, यावर इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का? साहजिकच सिस्टर ‘नाही’ दाबायच्या. मोबाइल निघून जायचा आणि पेटी दिसेनाशी व्हायची. मॅडमनी प्रत्येक पेटीवर कागद चिकटवला, ‘मोबाइल विचारेल. हो म्हणा.’ तरी त्यांना झोप येईना. त्यांनी चारही सिस्टरांना रोज सकाळी दहाला मोबाइलवर पेटी शोधून बघायला आणि दिसली की मिस्ड कॉल द्यायला लावलं. दहा ते सव्वादहा मॅडम वर्गात काही शिकवायच्या नाहीत. मोबाइल टेबलावर ठेवून उभ्या राहायच्या. चौथा मिस्ड कॉल आला की मगच खडू उचलायच्या. एखादा उशिरा आला की स्वतः फोन लावायच्या आणि नाव-गाव सांगून झालं की पहिला प्रश्न विचारायच्या, "कौतिका दिसते का?"

आता मला माझ्याकडे यावं लागेल.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मॅडमची आई पडली आणि त्या आठवडाभर रजेवर होत्या. रजेच्या शेवटच्या दिवशी दुपारी कौतिका ज्या आरोग्य केंद्रात होती तिथल्या बाबूंचा मला फोन आला. नवं इंटरनेट आलंय, राउटर लावून द्याल का? मी गेलो. राउटर लावला, पासवर्ड घातला. मग मला वाटलं, आता वायफाय आहेच तर कौतिकाचं वेगळं वायफाय कशाला? तिलाही याच राउटरवर घेऊ, म्हणजे सिस्टरना मोबाइल इकडून तिकडे जोडायला नको. बाबू म्हणाले, पेशंटचे नातेवाईक वायफायवर चढतात, आमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही ना घुसणार कुणी? राउटरच्या सेटिंगमध्ये एका ओळीपुढे खूण करायची सोय होती. वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवा. मी ती लावली. शहाणपणाची वाटली.

मग बाबूंच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. कौतिका दिसली. फोटो उघडले. मी परत आलो.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं, थोडं फुशारकीनंच. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "दिसते ना?"

"दिसते."

"तुमी पाह्यली?"

"माझ्या डोळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी मॅडम कामावर आल्या. सकाळी दहाला तीन मिस्ड कॉल आले. चौथा नाही. त्यांनी फोन लावला, सिस्टरचा फोन लागेना. साडेदहाला त्या माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या, पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "चला." मी म्हणालो, रेंज नसेल. "चला सर." माझी मोटरसायकल त्या आठवड्यात मी आयटीआयतच ठेवत होतो. त्या मागे बसल्या. बारा-तेरा किलोमीटरच्या रस्त्यात त्यांनी मला तीनदा विचारलं, वीज गेली तर राउटर बॅटरीवर चालते का? मी तिन्ही वेळा खोटं बोललो नाही. म्हणालो, माहीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा एक ऑटो आमच्या आधी आत शिरला होता. त्यातून एका माणसाला उचलून आणत होते. तिशी-पस्तिशीचा, अंग घामानं चिंब, तोंडातून लाळ. बरोबर त्याची बायको, पदराला चिखल, एका पायात चप्पल. दुसऱ्याच्या शेतात फवारणीच्या मजुरीला गेला होता. डॉक्टर नवे, तरुण, पण धीराचे. त्यांनी बॅटरीनं डोळे पाहिले, सिस्टरला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि बायकोकडे वळले.

"कोणतं औषध होतं?"

"मालकानंच कालवून ठेवलं होतं साहेब. दोन बाटल्या होत्या बांधावर. म्या पाह्यल्या. दिसल्या तं सांगीन मी."

सिस्टरनं मोबाइल काढला. पडद्यावर गोल फिरायला लागला. फिरतच राहिला.

"सकाळपासून हेच होऊन राह्यलं मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "वायफाय लागते, पेटी नाही लागत. तुमाले फोन लावत होती, तं रेंज नाही."

मॅडमनी स्वतःचा मोबाइल काढला. तोच गोल. त्या टेबलाखाली बसल्या, पेटीचा दिवा पाहिला. चालू होता. त्यांनी पेटी बंद केली, चालू केली. ती उठायला दीड-दोन मिनिटं घेते. त्या दोन मिनिटांत त्यांनी पेटीच्या झाकणावरून बोटं उचलली नाहीत. "ये वो बाई," त्या पुटपुटत होत्या, "ये, ये." पलंगावर तो माणूस ओकला. दिवा लागला. मोबाइलवर गोल फिरला. काही नाही.

तेव्हा मला कळलं. बाबूंचा कॉम्प्युटर तारेनं राउटरला जोडलेला होता, म्हणून त्यावर कौतिका दिसली होती. मोबाइल आणि कौतिका दोघंही वायफायवर. मीच त्यांना एकमेकांपासून वेगळं केलं होतं. कौतिका ओ देत होती आणि तिचा आवाज राउटर कुणालाही ऐकू देत नव्हता.

ऑफिसच्या खोलीकडे पळालो. खोलीला कुलूप होतं. बाबू गावात गेले होते. चावी शिपायाजवळ, शिपाई मागे पाण्याच्या टाकीवर. मी ओरडत गेलो. तो आला. कुलूप उघडलं. कॉम्प्युटर सुरू व्हायला लागलेला वेळ मला अजून आठवतो. मी खूण काढली, राउटर बंद होऊन पुन्हा लागला. बाहेर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला, थांबला, आणि दूर गेला. डॉक्टर थांबू शकत नव्हते. त्यांनी पेशंटला यवतमाळला पाठवून दिलं होतं. फक्त बायको मागे राहिली होती, कारण मॅडमनी तिचा दंड धरून ठेवला होता.

"आली!" सिस्टर ओरडल्या.

ती बाई एकेक फोटो बघत गेली. अंगठ्यानं पुढे सरकवायला तिला येत नव्हतं, मॅडम सरकवत होत्या. विसाव्या-बाविसाव्या फोटोला तिनं बोट ठेवलं. "हे." मग बऱ्याच वेळानं दुसरं. "हेही. याच्या झाकनावर असाच चट्टा होता." डॉक्टरांनी दोन्ही नावं चिठ्ठीवर लिहिली. रेंज नव्हती, आणि राउटर लागला तरी बाहेरचं इंटरनेट बंदच होतं. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी घेऊन जा.

आम्ही दोघं गेलो. त्या बाईला सिस्टरनं दुसऱ्या ऑटोत बसवलं. यवतमाळपर्यंत मॅडम मागे बसून चिठ्ठी मुठीत धरून होत्या. वारा होता, चिठ्ठी पर्समध्ये ठेवा म्हणालो तर त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. दवाखान्यात फवारणीवाल्यांचा वेगळा वॉर्डच केला होता. काही जणांचे हात पलंगाला बांधलेले, कारण ते भ्रमात उठून पळत. मॅडमनी वॉर्डच्या दारात नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हे आधी का नाही आलं?"

मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागल्या. "बरं," ते म्हणाले, "आलं तरी." आणि आत गेले.

तो माणूस जगला. हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं, आणि डोळ्यांना त्रास राहील असंही. पण ते चार दिवस मी विसरणार नाही. मॅडमनी चारही पेट्या परत आणल्या, वर्कशॉपच्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि एकेक उघडून तपासायला लागल्या. तारा, कार्ड, बॅटरी. डबा खायच्या नाहीत. मी दारातून डोकावलो की वर न बघता विचारायच्या, "सर, तुमी पाह्यलं तवा तं दिसत होती नं?" मी म्हणायचो, "हो." तेही खोटं नव्हतं. तिसऱ्यांदा ‘हो’ म्हणून मी स्टाफरूममध्ये आलो आणि मला डबा उघडवेना.

त्या माणसाला धोका टळल्याचं कळलं त्या दुपारी मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि सांगितलं. राउटर, खूण, तारेचा कॉम्प्युटर, सगळं. मॅडमच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. त्यांनी आधी एकच विचारलं, "मोबाइलवरून एकदाही नाही पाह्यलं?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "चार दिवस सर. चार दिवस माह्या मावश्याइले मी आरोपीसारखं मांडून ठेवलं इथं." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"मले कायले सांगता? मले काय झालं? माहे डोळे शाबूत हायेत."

पेट्या दुसऱ्या दिवशी आपापल्या जागी गेल्या, प्रत्येकीचं स्वतःचं वायफाय पुन्हा सुरू करून. त्या हंगामात आणि पुढच्या दोन हंगामांत त्या चालल्या. मग मोबाइल बदलत गेले, आम्ही बनवलेलं अ‍ॅप नव्या मोबाइलांवर चालेना, सिस्टरांच्या बदल्या झाल्या. दहाचे मिस्ड कॉल चाराचे तीन झाले, तिनाचे एक, आणि एका जूनमध्ये एकही आला नाही. मॅडम निवृत्त होऊन आईला घेऊन पांढरकवड्याला बहिणीकडे गेल्या. जाताना कपाटाची चावी मला दिली. कपाटात केंद्रांतून परत आलेल्या फोटोंच्या छापील वह्या होत्या, जाड, प्लॅस्टिक लावलेल्या, चारही आरोग्य केंद्रांसाठी एकेक. त्या घटनेनंतर त्यांनी हे केलं होतं. पेटीशेजारी वही, पेटी दिसली तरी वही. मी वापर किती झाला विचारलं नाही. अजूनही त्यांचा फोन येतो, कमी येतो, पण येतो, आणि मी घरी पोचल्याशिवाय त्यांना समाधान नसतं.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. मी कबूल केलं त्याच आठवड्यातला. मॅडम मला सकाळी जीपनं त्या माणसाच्या वस्तीवर घेऊन गेल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. अंगणात पोचल्यावर त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मीही माझं पूर्ण नाव सांगितलं.

तो माणूस भिंतीला टेकून खाटेवर बसला होता, काळा चष्मा लावून. उन्हानं डोळ्यांना त्रास व्हायचा. बायको चवळीच्या शेंगा निवडत होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. मध्येच राउटर शब्द आला आणि मी अडखळलो. मॅडमनी मदत केली नाही.

बायकोनं शेंगा खाली ठेवल्या.

"म्हंजे तो डब्बा तिथंच होता."

"हो."

"अन् माहा मानूसही तिथंच."

"हो."

"अन् तुमच्यानं तो दिसला नाही."

"हो ताई."

मला वाटलं आता ती ओरडेल, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नवरा म्हणाला, "जाऊ दे." ती म्हणाली, "तू गप." मग मला म्हणाली, "ज्यानं दोन बाटल्या एकात कालवल्या, तो अजून आला नाही इकडे. दवाखान्यातही नाही. तुमी आले." हे बोलताना तिचा चेहरा मऊ झाला नव्हता. ती उठली आणि घरात गेली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या शेंगांच्या टोपलीकडे बघत होत्या.

ती बाहेर आली तेव्हा हातात खताची रिकामी पिशवी होती. ती तिनं आमच्यासमोर उपडी केली. रिकाम्या बाटल्या, सहा-सात, काही फुटक्या, काहींची लेबलं अर्धी सुटलेली. वस्तीतले लोक ज्या ज्या शेतात जात होते तिथल्या बांधांवरून तिनं गोळा केल्या होत्या, हाताला प्लॅस्टिकची पन्नी बांधून.

"हे सगळे हायेत का तुमच्या डब्यात?"

मॅडम उकिडव्या बसल्या. एकेक बाटली काडीनं फिरवून पाहिली. तीन नव्हत्या. त्यांनी मला मोबाइल काढायला सांगितलं. पुढून, मागून, झाकण. उन्हात लेबल चमकायचं, म्हणून ती बाई माझ्या आणि सूर्याच्या मध्ये उभी राहिली आणि पदर पसरून सावली केली.

फोटो झाल्यावर मी उठायला लागलो तर ती म्हणाली, "वाचून दाखवा."

मी पहिल्या बाटलीवरचं नाव वाचलं. लांबलचक, इंग्रजी, जीभ अडखळणारं. तिनं ते माझ्यामागून म्हटलं. मी दुसरं वाचलं, तिनं म्हटलं. खाटेवरून तोही म्हणायला लागला, अर्धं चुकत. मॅडम काडीनं पुढची बाटली माझ्याकडे फिरवत होत्या. तिसऱ्या बाटलीला मी घाईत वाचून टाकलं तेव्हा तिनं हात वर करून मला थांबवलं.

"हळू सर," ती म्हणाली. "मले पाठ करू द्या."